दुपारी चारचे बंडखोर

पंक संगीत म्हणजे काय, असं कुणी विचारलं की पक्कड पूर्वी ताठ मानेने सांगायचा, "व्यवस्थेच्या कानाखाली काढलेला आवाज." हे वाक्य त्याने विसाव्या वर्षी तयार केलं होतं. त्यानंतरची बत्तीस वर्षं लोकांचे मिक्सर आणि पंखे दुरुस्त करण्यात गेल्यामुळे वाक्य दुरुस्त करायला त्याला सवड मिळाली नव्हती. आता तो परदेशात, एका शाळेच्या व्यायामशाळेत, गळ्यात गिटार अडकवून उभा होता. दुपारचे चार वाजले होते आणि व्यवस्थेला हादरवायला जमलेली दोनशे माणसं समोर खुर्च्यांवर उशा ठेवून बसली होती. उशा त्यांनी घरून आणल्या होत्या. खुर्च्या कडक आहेत, असं चाहता मंडळाने पत्रकात आधीच कळवलं होतं.

चारचीच वेळ का, तर चाहतेही आता पन्नाशी ओलांडून गेलेले. सहाला जेवण, नऊला झोप. जेवणाआधी बंड उरकायचं म्हटलं तर दीड तास मिळतो. त्या दीड तासाची आखणी मात्र बघण्यासारखी होती. पंकच्या रिवाजातल्या धक्काबुक्कीसाठी जमिनीवर पांढरी पट्टी चिकटवून चौकोन काढला होता. ज्यांचे गुडघे धड आहेत त्यांनी चौकोनात यायचं, बाकीच्यांनी बसल्या जागी खांदे हलवायचे. फेकाफेक तिसऱ्या गाण्याला. त्यासाठी प्रत्येकाच्या हातात दारातच एकेक रिकामी प्लास्टिकची बाटली दिली होती. तिसरं गाणं सुरू झालं तशा दोनशे बाटल्या अत्यंत अदबीने पक्कडच्या अंगावर आल्या, आणि गाणं संपताच दोन बायका पिशव्या घेऊन त्या गोळा करून गेल्या. एक बाटली पक्कडच्या कपाळाला लागली. ती फेकणारा गृहस्थ मध्यंतरात येऊन माफी मागून गेला, वर मलमही देऊन गेला.

हे सगळं एकवेळ चाललं असतं. घोडं अडलं ते बास गिटार वाजवणाऱ्यापाशी.

जुना बासवाला आता कुठल्याशा कंपनीत मोठा साहेब झाला होता आणि "ते वय गेलं रे" म्हणून त्याने यायचं टाळलं. म्हणून मंडळाने आपल्यातलाच एक बासवाला दिला. हा तिथल्या पोस्टातला कारकून, पक्कडच्या 'गंज' बँडची सातही गाणी वीस वर्षं घरी वाजवत असलेला. पहिलं गाणं सुरू झालं आणि पक्कड दुसऱ्या कडव्याला पोहोचेपर्यंत कारकुनाने गाणं संपवलं, बास खाली ठेवला, पाणी प्यायला आणि वाट बघत उभा राहिला. दुसऱ्या गाण्यालाही तेच. पक्कड आपला शांतपणे, मान डोलवत, पूर्वी गायचा तसाच गात होता, आणि समोरची दोनशे माणसं एकमेकांकडे बघत होती. चौकोनातले लोक उडी मारायचे, आणि खाली येईपर्यंत पुढचा ठोका पडायचाच नाही, म्हणून अवघडून उभे राहायचे.

"भावजी, यांचं काहीतरी बिनसलंय," ड्रमवरून मेहुणा कुजबुजला. हा मूळचा मित्र. पुढे त्याच्याच बहिणीशी पक्कडचं लग्न झालं, तेव्हापासून चांगलं चाललं असेल तर तो 'पक्कड' म्हणायचा आणि खापर फोडायचं असेल तर 'भावजी'.

"आपलं वय झालंय, दुसरं काय," पक्कड म्हणाला.

'गंज'ची कथा तशी बोटावर मोजण्याइतक्या दिवसांची. तिघा पोरांचा बँड, मेहुण्याच्या घराची गच्ची, आणि कुणाकडून तरी उसना आणलेला सेलवर चालणारा टेपरेकॉर्डर. गच्चीवर विजेचा प्लग नव्हता. एका दुपारी सात गाणी सलग रेकॉर्ड केली, लगेच त्याच यंत्रावर ऐकली, तिघांनी एकमेकांच्या पाठीवर थापा मारल्या, आणि शेवटची थाप पडेपर्यंत यंत्राने मान टाकली. पुढे कॉपी करून देणाऱ्या दुकानातून बारा कॅसेट करून आणल्या. त्यातली एक पक्कडने आईच्या हातात दिली आणि सांगितलं, "शेवटचं गाणं बाबांना ऐकव." स्वतः समोर बसून ऐकवायची त्याची छाती झाली नाही. तो सायकल काढून गावभर फिरत राहिला.

शेवटचं गाणं होतं 'धप्प'. बाबा पत्र्याच्या कारखान्यात प्रेस मशीनवर होते. त्याच्या आदल्या वर्षी त्या प्रेसने त्यांच्या उजव्या हाताची तीन बोटं नेली होती. बाबा त्याबद्दल कधी चकार शब्द बोलले नाहीत, आणि पक्कडला दुसरं काही सुचत नव्हतं, म्हणून त्याने गाणं केलं. संथ, जड, ओझं उचलून जिना चढल्यासारखं. 'हात आत, हात बाहेर, हात आत, हात बाहेर, शिफ्ट संपली, हात मोज.' चार मिनिटांचं गाणं. ते करताना तो रडला होता, जे पंकच्या नियमात बसत नाही, म्हणून त्याने कुणाला सांगितलं नाही.

संध्याकाळी तो घरी आला तेव्हा बाबा चपला घालून बाहेर पडत होते. ते त्याच्याकडे न बघता गेले. आई म्हणाली, "अर्धंच ऐकलं त्यांनी. 'बंद कर ते, पुन्हा लावू नकोस' म्हणाले." पक्कडने ओळखलं. त्यांना वाटलं, पोराने आपल्या तुटक्या हाताची टिंगल केली. त्याने कॅसेट कपाटात टाकली ती स्वतःही कधी लावली नाही, गिटार माळ्यावर टाकली, आणि त्या आठवड्यात 'गंज' संपला. त्यानंतर बत्तीस वर्षं बापलेक एका घरात राहिले, गॅस संपलाय, गोळ्या आणल्यास का, दार लाव, एवढ्यावर. आई गेली तेव्हाही दोघं शेजारी शेजारी बसून होते आणि बोलले ते टेम्पो कधी येणार याबद्दल. या दौऱ्याचं कळल्यावर म्हातारा एवढंच म्हणाला, "तिकडे थंडी असेल." पक्कडला ते लागलं. परदेशातली माणसं आपल्याला डोक्यावर घेणार आणि ज्याच्यासाठी गाणं केलं तो हवामान सांगणार.

बारापैकी एक कॅसेट कुणा खलाशाच्या सामानातून इथे आली आणि एका भाड्याच्या खोलीच्या ड्रॉवरमध्ये राहिली. ती खोली पुढे दातांचा अभ्यास करणाऱ्या एका विद्यार्थ्याने घेतली. तो विद्यार्थी आता इथला नावाजलेला दातांचा डॉक्टर आणि चाहता मंडळाचा अध्यक्ष होता. मंडळाची सचिव एक ग्रंथपाल बाई. तिने या सात गाण्यांसाठी शब्दकोश आणून आख्खी भाषा शिकून घेतली होती, आणि तिनेच शोधत शोधत पक्कडच्या दुकानाचा पत्ता काढला. बाईची भाषा चोख होती. फक्त कॅसेटवर शिकल्यामुळे ती भयंकर भराभर आणि चिरक्या आवाजात बोलायची, आणि गाण्यांत साहेबापासून देवापर्यंत सगळ्यांना अरेतुरे असल्यामुळे तिला दुसरं संबोधन ठाऊक नव्हतं.

"तू महान आहेस," पहिला कार्यक्रम संपल्यावर ती हात जोडून म्हणाली. "पण तू आज असं का केलंस?"

"कसं?"

"अध्यक्ष म्हणतो, तू आमची परीक्षा घेतोस. तू सगळं मुद्दाम हळू गायलास. आम्ही रागावतो का, ते बघायला. आम्ही रागावलो नाही. आम्ही विचार केला."

लगेच वह्या निघाल्या. दुसऱ्या गाण्यात सव्विसाव्या सेकंदाला तू खोकतोस, त्याचा अर्थ काय, यावर मंडळात दोन तट होते. एका तटाचं म्हणणं, तो भांडवलशाहीवरचा खोकला आहे. दुसऱ्या तटाला तो मृत्यूचा वाटत होता.

"सर्दी झाली होती," पक्कड म्हणाला.

"सर्दी," बाईने भाषांतर केलं. दोनशे माणसांत एक सुस्कारा गेला, आणि प्रत्येकाने वहीत लिहून घेतलं. एका जोडप्याने आपल्या मुलीचं नाव 'धप्प' ठेवलं होतं; तिचा फोटो त्याला दाखवण्यात आला. मुलगी आता वकील होती.

दुसऱ्या शहरात दुसरा कार्यक्रम झाला. तिथे चाहत्यांनी विचार करणं सोडून मदत करायचं ठरवलं. पक्कड तोंड उघडतो न उघडतो तोच समोरून टाळ्यांचा ठेका सुरू झाला, दुप्पट वेगाचा, लहान पोराला सायकल शिकवताना मागून ढकलतात तसा. पक्कडने दोन गाणी त्या ठेक्याबरोबर धावून बघितलं. तिसऱ्याला त्याला दम लागला. एका बाईने आपला दम्याचा पंप पुढे केला. कारकुनाच्या बासच्या तारा तर इतक्या ताणलेल्या होत्या की एक तुटून त्याच्या गालावर बसली. तो रक्त पुसत म्हणाला, "नेहमीच तुटते," आणि खिशातून दुसरी काढली. त्याच्या चेहऱ्यावर भक्ताचं समाधान होतं.

तिसऱ्या आणि शेवटच्या शहरात, कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी, अध्यक्षाने त्यांना आपल्या दवाखान्यात नेलं. दवाखान्यामागच्या खोलीत संग्रहालय होतं. काचेच्या पेटीत कॅसेट. भिंतीवर गाण्यांचे तक्ते, सेकंदासेकंदाचे. कोपऱ्यात एक जुनं, उत्तम राखलेलं, विजेवर चालणारं यंत्र. अध्यक्षाने हातात रबरी मोजे घातले, पेटी उघडली, कॅसेट लावली. सगळे उभे राहिले.

आणि यंत्रातून दोन उंदीर आणि एक शिवणयंत्र यांचं भांडण ऐकू आलं.

पक्कडला आधी वाटलं, यांची कॅसेट चुकली. मग शब्द कानावर आले. शब्द त्याचे होते. गळा त्याचा नव्हता. कुणीतरी हेलियम भरलेलं पोर जीव मुठीत धरून गाणी म्हणत होतं, आणि प्रत्येक गाणं आधीच्यापेक्षा जास्त घाईत. शेवटी 'धप्प' आलं तेव्हा 'हात आत हात बाहेर' हे शब्द वेगळे करणंही मुश्कील होतं. चार मिनिटांचं गाणं अडीच मिनिटांच्या आत आटपलं.

पक्कडची निम्मी हयात मोटरवर चालणारी यंत्रं उघडण्यात गेली होती. त्याला समजायला वेळ लागला नाही. रेकॉर्ड करताना सेल उतरत गेलेले. सेल उतरले की मोटर मंदावते, फीत हळू सरकते. त्याच मरतुकड्या यंत्रावर ऐकलं तर सगळं ठीक वाटणार. पण धडधाकट यंत्रावर लावलं की जे हळू भरलं ते धावत बाहेर येणार. शेवटचं गाणं म्हणजे सेलचाही शेवट, म्हणून ते सगळ्यात पिसाट. आणि घरचं, बाबांनी ऐकलं ते यंत्र विजेवर चालायचं.

बाबांनी हे ऐकलं होतं. हे उंदीर. हे ऐकून कुणाही बापाला वाटेल की पोराने आपल्या बोटांचा तमाशा मांडला.

"तू ऐकली होतीस ना रे कॅसेट?" त्याने मेहुण्याला धरलं. "तुला काही वाटलं नाही?"

"वाटलं ना. आपण काय भन्नाट वाजवलंय, असं वाटलं."

"गाढवा, हे वेगळं ऐकू येतंय!"

"मी ड्रमवाला आहे, भावजी. मला ते कमी-जास्त कळत नाही."

पक्कडने तिथेच सगळ्यांना खरं सांगितलं. बाईने भाषांतर केलं. तुम्ही तीस वर्षं ज्यावर जीव टाकला ती चूक आहे, सेल उतरलेले होते, खरं गाणं संथ आहे, आज मी ते तसंच गाणार. मग अध्यक्षाने मोजे काढले आणि मंडळाची तातडीची बैठक बोलावली. पक्कडला बाहेर रुग्णांच्या बाकावर बसवण्यात आलं. अर्ध्या तासाने बाई ठराव घेऊन आली.

"आम्ही तुझा फार आदर करतो," ती नेहमीच्या वेगाने म्हणाली. "पण मंडळाला वाटतं, तू तुझ्या गाण्याबद्दल चुकतो आहेस. तू ते एकदाच ऐकलंस. आम्ही रोज ऐकतो. तरी तुझा मान म्हणून एक गाणं हळू म्हणायला परवानगी आहे. चौथ्या क्रमांकाला. आम्ही बसून घेऊ. मग आपण खरं गाणं म्हणू. आणि अध्यक्ष विचारतो, सेल किती होते? चार की सहा? आणि ते तू फेकलेस का?"

बत्तीस वर्षांत पहिल्यांदा पक्कडला खरोखरचा पंक राग आला. पण तो राग चाहत्यांवर काढण्यात अर्थ नव्हता. त्यांनी त्याचं काय वाकडं केलं होतं? जे उलगडायला हवं ते घरी, खाटेवर बसलं होतं. एक्याऐंशी वर्षांचं होतं, आणि परत जाईपर्यंत थांबायचा पक्कडला धीर नव्हता. त्याने गाडीतून गिटार आणली आणि अध्यक्षाकडे निवांत जागा मागितली. डॉक्टरने तपासणीची खोली उघडून दिली. बसायला तिथे एकच खुर्ची होती, दात काढायची. पक्कड गिटार पोटावर घेऊन तिच्यात बसला तशी ती आपोआप मागे कलली आणि डोक्यावरचा दिवा लागला. त्याच अवस्थेत त्याने घरी फोन लावून स्पीकरवर टाकला.

"अहो, बरे आहात ना?" बायको म्हणाली. "मिक्सरवाल्या काकू रोज येतायत. आणि माझ्या भावाला सांगा, आईला फोन कर म्हणावं."

"सांगतो. बाबांना दे फोन. आणि त्यांच्या कानाला नीट लावून धर."

"त्यांना? तुम्ही बोलणार?" तिने पुढे काही विचारलं नाही. चपलांचा आवाज आला, मग खाटेची करकर.

"बोल," बाबा म्हणाले.

"बाबा, एक सांगायचंय. ती कॅसेट. तेव्हा आईने लावलेली." पक्कडने गिटार घट्ट धरली. "ती बिघडलेली होती. सेल उतरले होते, म्हणून ते तसं पळत वाजलं. मी तुमची टिंगल नव्हती केली. खरं गाणं वेगळं आहे. ऐकता का?"

पलीकडे खाट पुन्हा करकरली.

"म्हण," बाबा म्हणाले.

पक्कडने गाणं म्हटलं. दिव्याच्या उजेडात डोळे मिटून, संथ, जड, पुरी चार मिनिटं. हात आत. हात बाहेर. आयुष्यात तो इतकं चांगलं कधी गायला नव्हता, आणि ते त्याला गाता गाताच कळत होतं. शेवटचा स्वर विरून गेला तरी त्याने तारांवरचा हात काढला नाही.

"झालं?" बाबांनी विचारलं.

"हो."

"हे कुठल्या प्रेसचं?"

"म्हणजे? तुमच्याच, बाबा."

"आमचा प्रेस एवढा हळू कुठे होता? मिनिटाला पंचेचाळीस ठोके. पत्रा सरकव, हात काढ, पत्रा सरकव, हात काढ. श्वास घ्यायला उसंत नाही." म्हातारा खाकरला. "तू म्हटलंस तसा चालला असता, तर हात काढला नसता का मी?"

पक्कडने गिटार पोटावरून बाजूला ठेवली.

"ती कॅसेट बरोबर होती," बाबा म्हणाले. "मी ऐकली आणि म्हटलं, हा पोरगा कधी आला होता कारखान्यात? याला कसं कळलं? ऐकता ऐकता हात आपोआप मागे घेतला मी. बसल्या जागी. तुझी आई बघत राहिली. म्हणून म्हटलं, बंद कर ते."

"मला वाटलं, तुम्ही रागावलात."

"तू कधी विचारलंस?"

"तुम्ही तरी कुठे बोललात?"

"तेही खरंच," बाबा म्हणाले. बत्तीस वर्षांची गप्प बसायची सवय एका फोनवर जात नाही. मग बायकोचा आवाज आला, दबका. "अहो, काय म्हणालात त्यांना? डोळे पुसतायत." पक्कडने फोन बंद केला आणि त्या खुर्चीत आडवं पडल्या पडल्या हुंदके देऊन रडला. आवाज ऐकून अध्यक्ष धावत आत आला, पक्कडचं तोंड उघडं बघून सवयीने वाकला आणि खुणेनेच विचारू लागला, कुठला दात?

चार वाजता व्यायामशाळेत उशा मांडून झाल्या होत्या. तीन गाणी झाली, बाटल्या पडल्या, गोळा झाल्या. चौथं आलं, 'धप्प'. ठरावाप्रमाणे दोनशे माणसं आदराने खाली बसली आणि चेहरे गंभीर करून ऐतिहासिक महत्त्वाचं काहीतरी सहन करायला तयार झाली.

पक्कड ड्रमकडे वळला.

"हळू नाही. जोरात."

"भावजी, मगाशी तर तुम्ही..."

"जोरात म्हटलं ना."

"किती जोरात?"

"हात काढता येणार नाही इतकं," पक्कड म्हणाला, आणि माइककडे वळला.